शिट्टी न मिळालेली सहा मिनिटं

मी एक जुना फिल्मचा तुकडा आहे. अख्खा सिनेमा नाही, अख्खं रीळही नाही. फक्त सहा मिनिटांचा तुकडा. मित्रांनो, तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी पुस्तकं, मोडक्या खुर्च्या आणि म्हातारे घोडे आपापली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळे होतात. मी कोणालाही माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे रुमाल काढून बसायला नको.

माझा जन्म एका अंधाऱ्या कारखान्यात झाला. मला औषधाच्या पाण्यात बुडवलं, वाळवलं, गुंडाळलं आणि नवव्या रिळाच्या मधोमध बसवलं. आमचा सिनेमा शाळकरी वयातल्या प्रेमाचा होता. नुकतीच मिसरूड फुटलेला एक मुलगा, दोन वेण्या घालणारी एक मुलगी आणि एक बसथांबा. मुलगा रोज तिच्या मागे जातो. ती बस बदलते, हा त्या बसमध्येही चढतो. मित्र त्याला सांगतात, "अरे, हसली बघ तुझ्याकडे बघून!"

आणि मग मी यायचो. माझ्यात ती मुलगी वळून उभी राहते आणि सरळ त्याच्या तोंडावर सांगते, "मी एकदाही हसले नव्हते. तुझ्या मित्रांनी सांगितलं आणि तू मानलंस. तुझ्यामुळे मी क्लास सोडला, हे माहीत आहे का तुला?" मुलगा मान खाली घालतो. म्हणतो, "मला वाटलं, असंच असतं." आणि निघून जातो. पुन्हा थांब्यावर येत नाही. बऱ्याच दिवसांनी ती मुलगीच वाचनालयात त्याच्याकडे भूमितीची वही मागते. दोघं एका गणितावर अडतात. तिथे मी संपायचो, ती पहिल्यांदा हसायची आणि गाणं सुरू व्हायचं. ते हसणं माझ्या जिवावर उभं होतं, हे लक्षात ठेवा.

एका थिएटरात आमचा सिनेमा लागला आणि पहिले सहा दिवस माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! बाल्कनीत शाळा-कॉलेजातल्या मुली बसायच्या. माझी पाळी आली की खाऊच्या पुड्यांचा आवाज थांबायचा. कोणी शेजारणीचा हात धरायची, कोणी श्वास रोखून बसायची. तिकीटखिडकीवरच्या मावशी तर खिडकी बंद करून जिना चढून यायच्या, दाराशी उभ्या राहून तेवढी सहा मिनिटं बघायच्या आणि परत खाली जायच्या. बक्षीस म्हणतात ते हेच असणार, असं मला वाटायचं.

पण त्या थिएटरचा मॅनेजर शेवटच्या रांगेत वही घेऊन बसायचा. कुठे किती शिट्ट्या पडल्या ते तो त्या वहीत टिपायचा. वीस वर्षं हीच त्याची पद्धत होती. शिट्ट्या जास्त तो सीन चांगला, शिट्टीच नाही तो सीन पडला. मुलगा मागे जातो तिथे खालच्या रांगांतून नुसता धुमाकूळ. आणि माझ्यासमोर सहा दिवस रोज एक भलंमोठं शून्य.

सातव्या दिवशी त्याला एक खेळ वाढवायचा होता. वेळ बसेना. वही काखेत मारून तो मशीनच्या खोलीत आला.

"हे नवव्या रिळातलं भाषण उडवा."

मशीन चालवणारे ऑपरेटरकाका चपापले. "साहेब, हे काढलं तर पुढचं कळायचं नाही."

"काय कळायचंय त्यात? मुलगा मागे जातो, मुलगी हसते. लोक काय खुळे आहेत?"

कात्री चालली. कच्च. झाला माझा खेळ! सिनेमा मालकाकडे परत पाठवताना पूर्ण द्यावा लागतो, म्हणून काकांनी मला गुंडाळून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि डबा स्टुलाखाली सरकवला. त्या डब्यात मी मनाशी ठरवलं, या वहीवाल्याचा सूड घ्यायचा. मला ना हात ना पाय. पण माझ्याजवळ तिचं वाक्य होतं आणि ते मी विसरणार नव्हतो.

सिनेमा तुफान चालला. न्हाव्याकडे मुलं हिरोसारखे केस कापून मागू लागली. शिंपी तसल्याच कॉलरचे शर्ट शिवून थकला. मुलींनी तशा रिबिनी आणल्या. इथवर ठीक होतं, हौस असते माणसाला. पण गावातल्या बसथांब्यांवर अशी मुलं उभी राहू लागली ज्यांना कुठल्याच बसने कुठेही जायचं नव्हतं. मावशी चहा घेऊन वर यायच्या आणि काकांना सांगायच्या, "अहो, माझ्या भाचीने शिवणाचा क्लास सोडला. रोज दोघं मागे येतात. एकाने तर त्या सिनेमातलीच चिठ्ठी जशीच्या तशी लिहून दिली."

मी डब्यात धुमसायचो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, सिनेमा तर आहे! मित्रांनो, आईबाप या विषयावर बोलत नाहीत. शाळेत हा धडा नाही. कोणी आवडलं तर काय म्हणायचं, नकार आला तर घरी कसं परत यायचं, हे पोरांनी शिकायचं कुठे? ती तीन तास अंधारात बसून आमच्याकडून शिकतात. आम्ही शाळाच आहोत, फक्त फळा मोठा आहे. आणि त्या फळ्यावरची नेमकी कामाची ओळ या माणसाने पुसून टाकली होती.

आता ऐका पुढचं. या मॅनेजरला सोळा वर्षांची मुलगी होती. शाळा सुटली की ती थिएटरात येऊन सगळ्यांवर हुकूम सोडायची, म्हणून सगळे तिला 'छोट्या साहेब' म्हणायचे. एक सायकलवाला मुलगा तिच्या मागे लागला. मावशी त्याला ओळखायच्या, आमचा सिनेमा त्याने चौदा वेळा पाहिला होता. शाळेपासून घरापर्यंत घंटी वाजवत तो तिच्या मागून यायचा. तिने रस्ता बदलला, तर त्यानेही बदलला. शेवटी तिने वडिलांना सांगितलं.

वडिलांनी काय केलं असेल? मुलाला दम दिला असेल? छे! शाळेला पत्र पाठवलं, 'मुलीच्या वागणुकीत सुधारणा होईपर्यंत तिला शाळेत पाठवणार नाही.' वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर होती. आणि छोट्या साहेबांना मावशींच्या शेजारी तिकीटखिडकीत आणून बसवलं.

मॅनेजरची ऑफिसची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एक पातळ फळकुट होतं. मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, मी काही केलेलं नाही."

"उगाच कोणी कोणाच्या मागे लागत नाही. हसली असशील कधीतरी."

"नाही हसले."

"मला शिकवू नकोस. रोज चार खेळ बघतो मी. मुलगी हसल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही."

अरे देवा! मित्रांनो, माझं अंग नुसतं तापलं. ज्या माणसाने स्वतः कात्री चालवायला लावली, तोच आता कापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून बसला होता! रोज चार वेळा बघून बघून त्याला ती खरी वाटू लागली होती. आणि मोडत होतं ते कोणाचं? त्याच्याच पोरीचं वर्ष. "परीक्षेचं काय?" असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बघू. नाही दिली तरी काही आभाळ कोसळत नाही."

दुसऱ्या दिवशी ती काकांचा चहा घेऊन वर आली. डोळे सुजलेले. काकांनी कप घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग वाकून त्यांनी स्टुलाखालून डबा ओढला.

"छोट्या साहेब, तुम्हाला एक दाखवायचं आहे."

तिने मला दिव्यासमोर धरलं. माझ्यातल्या चित्रांना अशाने आवाज फुटत नाही, पण काकांनी मला सहा दिवस रोज चालवलं होतं. एकेक चित्र बघत त्यांनी तिला संवाद म्हणून दाखवले. 'मी एकदाही हसले नव्हते' हे वाक्य आलं आणि तिने मला दिव्याच्या आणखी जवळ नेलं.

"हे कापलं का?"

"शिट्टी पडली नाही म्हणून."

"बाल्कनीत सगळ्या मुली असतात, काका. आम्ही कुठे शिट्ट्या मारतो?"

काकांनी कान खाजवला. "हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही."

"परत जोडता येईल?"

"येईल. पण माझी नोकरी जाईल."

"मग मी जोडते. तुम्ही नुसतं दाखवा. कोणी विचारलं तर मी केलं म्हणून सांगेन, आणि ते खोटंही नसेल."

काकांनी दाखवलं. टोक ब्लेडने खरवडायचं, ब्रशने चिकटवायचं सोल्युशन लावायचं, दाबून धरायचं, पंधरापर्यंत मोजायचं. तिने तीसपर्यंत मोजलं. म्हणे, सुटायला नको.

सिनेमाचा शंभरावा दिवस आला. दुपारी तीनचा खेळ. मॅनेजरने कोट घातला होता. पाहुण्या म्हणून आपल्या मुलीच्याच शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलं होतं, का तर 'सहकुटुंब बघण्यासारखा स्वच्छ सिनेमा' असं त्यांनी चार शब्दांत सांगावं! बाल्कनी मुलींनी भरलेली. खाली पहिल्या रांगेत सायकलवाला, केस हिरोसारखे. गाव जमलं होतं, आणि नववं रीळ मशीनवर चढलं होतं.

मुलगा मागे गेला, खालच्या रांगांनी छप्पर डोक्यावर घेतलं. आणि गाणं सुरू व्हायच्या जागी मी आलो.

जिन्यावर बुटांचे आवाज झाले. दार धाडकन उघडलं. मॅनेजरचा चेहरा लालभडक. मशीनच्या आडवी त्याची मुलगी उभी होती.

"हे कोणी केलं?"

"मी."

"बंद करा! काका, बंद करा आधी!"

काका जागचे हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मध्येच बंद केलं तर सगळं गाव मान वळवून इकडे बघेल, साहेब. बाईसुद्धा बघतील."

त्याला उभं राहावंच लागलं. भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडदा दिसत होता. तो बघत राहिला. आणि मी, मित्रांनो, मी इतक्या दिवसांत साठवलेला सगळा राग गोळा करून ते वाक्य त्याच्या कानावर घातलं. पडद्याएवढ्या तोंडाने ती मुलगी म्हणाली, "मी एकदाही हसले नव्हते."

खाली चिडीचूप. मॅनेजरने पडद्याकडे बघितलं, मग आपल्या मुलीकडे. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

तेवढ्यात बाल्कनीच्या दारातून एक शिट्टी आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, कानठळ्या बसवणारी. मावशी! मग एका मुलीने जमेल तशी मारली, मग दुसरीने. कोणाची नुसतीच हवा गेली, कोणाला हसू आलं, पण बाल्कनी थांबेना. आता टीप की वहीत, म्हटलं! काढ की पेन्सिल! काय गोड वाटलं म्हणून सांगू. कोणाचा अपमान बघून इतका आनंद होऊ नये म्हणतात. मला झाला.

सायकलवाला कडेच्या दारातून निघून गेला. त्याची थोडीशी दया आली. त्यालाही अर्धीच गोष्ट विकली होती ना! पण तिने रस्ता बदलला तेव्हा तिचं तोंड त्याने पाहिलं होतंच. तेवढं समजायला सिनेमा लागत नाही.

खाली गाणं सुरू झालं. मी मशीनमधून निघून खालच्या चक्रावर गुंडाळला जात होतो. छोट्या साहेबांनी वडिलांच्या कोटाच्या खिशातून वही काढली, एक कोरं पान फाडलं आणि काकांचं पेन पुढे केलं.

"बाई खाली बसल्या आहेत. लिहा."

त्याने उभ्याउभ्याच भिंतीवर कागद धरून लिहिलं, 'मुलीला सोमवारपासून शाळेत पाठवत आहे.' सही केली. तिने वाचलं आणि कागद परत दिला.

"एक वाक्य राहिलं."

"कुठलं?"

"ती हसली नव्हती."

"आता ते कशाला? जातेयस ना शाळेत? झालं तर मग."

"पहिल्या पत्रात माझी वागणूक लिहायला जागा होती, बाबा."

त्याने तिच्याकडे बघितलं. कागदावर लिहिलं, 'झालेला प्रकार गैरसमजातून झाला.' तिने वाचलं. कागद घेतला नाही. पेन त्याच्या हातात तसंच होतं. सबंध गाणं संपलं, तरी ती उभीच होती. मग त्याने ती ओळ खोडली आणि खाली, लहान मुलासारख्या मोठ्या अक्षरांत, तिला हवं होतं ते वाक्य लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बाप रडत होता. मी बघितलं आणि मला बरं वाटलं. कागद घेऊन ती स्वतः जिना उतरून बाईंकडे गेली.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्याही हातात कात्री येईल. घरात, वर्गात, ऑफिसात कोणाचं तरी बोलणं तुम्हाला लांबलेलं, रटाळ वाटेल. माझी विनंती एवढीच, की कापायच्या आधी जे गप्प बसून ऐकत आहेत त्यांना एकदा विचारा. नाही विचारलंत तरी माझी काही तक्रार नाही. आम्हाला डब्यात बसून वाट बघता येते.