गुळाचं पाणी प्यायलेला खांब

मी सळई बोलतेय, खांबाच्या आतून. तुम्हाला दिसतो तो फक्त गिलावा आणि त्यावरचा पिवळा रंग. मी त्याच्या आत उभी आहे, माझ्या बहिणींबरोबर, तारेनं एकमेकींना बांधलेली. पाच मजल्यांचा भार आमच्यावरून जमिनीत उतरतो.

माझा स्वभाव संशयी आहे. जन्मापासूनच तो तसा झाला असावा. भट्टीतून लाल होऊन निघाले, रुळांमधून लाटली गेले, आणि थंड होते न होते तोच एका माणसानं माझं टोक वाकवून बघितलं. पुढे मालगाडीतून कुंभकोणम्‌ला आले, बैलगाडीवरून उतरले, तिथंही तेच. एकोजी नावाच्या तरुण इंजिनिअरनं आमच्यातली एक उचलली, पार उलटी वाकवली आणि वाकलेल्या जागी तडा दिसतो का ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. तो समाधानानं हसला. मी नाही हसले. ज्याचा आमच्यावर विश्वास नव्हता त्याच्यावर मी का ठेवावा?

एकोजी मद्रासला एका उंच इमारतीच्या कामावर राहून आला होता. त्याची आत्या अंबाबाई विधवा होती. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. बाजाराजवळ बाईंची मोकळी जागा होती. बारा वर्षांनी येणारं महामहमाचं स्नान जवळ आलं होतं. यात्रेकरूंना गावात पाय ठेवायला जागा मिळत नसे. त्या जागेवर पाच मजली धर्मशाळा बांधायची, असं एकोजीनं आत्याच्या गळी उतरवलं. गावात तेवढं उंच घर कोणाचंच नव्हतं. येणारेजाणारे थांबून विचारत, "गोपुराहून वर जाणार की काय?"

"आत्याबाई, गोपुराच्या निम्म्यालाही पोचणार नाही," एकोजी बाईंकडे वळून म्हणायचा.

बाई नकाशावर हात ठेवून बसायच्या. "ह्यात भिंती कोठें आहेत?"

"भिंती मागनं. त्या नुसता आडोसा. भार खांब घेतात. छताचा भार तुळईवर, तुळईचा खांबावर, खांबाचा पायावर. अशी घरं कागदावर वरून खाली मोजत यायची. वरच्या मजल्याचं वजन कळलं की त्याच्या खालचा खांब किती जाड ते कळतं. असं करत पायापर्यंत. आणि बांधायची खालून वर."

"म्हणजे उलटें."

"उलटंच. ही कावेरीच्या गाळाची जमीन. म्हणून पाया पसरट धरलाय, हत्तीच्या पावलासारखा. आणि वारा आला की खांब वाकू बघतो. काँक्रीट दाबाला टिकतं, पण ताण सोसत नाही. ताण ह्या सळया सोसतात."

"आणि त्या राखाडी भुकटीवर हें सगळें उभें राहायचें?" बाई म्हणाल्या. "मज भरंवसा वाटत नाही रे."

त्या वेळी मला बाई आवडल्या. माझ्यासारखंच कोणीतरी भेटलं असं वाटलं.

कामावरचा मुख्य मिस्त्री चंद्रमौळी होता. राहायला दारासुरम्‌ला. उभा जन्म त्यानं चुन्याच्या घाण्यावर काढलेला, सिमेंट तो एकोजीकडून शिकत होता. कोठीची किल्ली त्याच्या कमरेला असायची. सिमेंट तेव्हा परवान्याशिवाय मिळत नसे आणि चोरबाजारात त्याला हवं तेवढं गिऱ्हाईक. त्यामुळे किल्लीवर सगळ्यांचा डोळा. बाई आणि एकोजी कामावर आपसांत मराठीत बोलत. मजुरांना वाटे, आपल्याचबद्दल बोलतात. बरेचदा ते खरंही असायचं.

"पोतीं मोजतोस ना रे?" बाई विचारायच्या.

"मोजतो की."

"त्यासमोर मोजूं नकोस. मागनं मोज."

मराठी घरांतून कामं करून चंद्रमौळीला मराठी चांगली समजत होती. तो थापी पुसत राहायचा.

खालच्या मजल्याचे खांब भरायचा दिवस आला. आम्हाला पायातून वर काढून उभं केलं होतं, भोवती फळ्यांची पेटी ठोकली होती. बाईंनी पूजा केली, नारळ फोडला. दुपारी मजूर जेवायला सावलीत गेले. एकोजी दुसऱ्या टोकाचे खांब बघत होता. पेटीच्या वरून माझं डोकं बाहेर होतं, म्हणून मी बघितलं. बाई पितळी कुडम, म्हणजे इकडचा घडा, घेऊन आल्या आणि पाण्याच्या पिंपात तो हळूच ओतला. गुळाचं पाणी, त्यात हिरड्याचा काढा. त्यांचे ओठ हलत होते. स्तोत्र म्हणत असाव्यात.

ह्या मुलखात कोणालाही विचारा, चुन्यात गूळ आणि हिरडा घातला की भिंत पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. बाईंच्या सासरचं घर तसंच बांधलेलं. भाच्याच्या भुकटीत गूळ नव्हता, म्हणून त्यांनी तो घातला. चंद्रमौळीला सांगितलं असतं तर त्यानंही बहुधा मान डोलावली असती.

जेवणानंतर त्या पिंपातल्या पाण्यानं जो माल कालवला तो माझ्याच खांबात आला. घमेली भराभर रिकामी झाली, मजुरांनी सळईनं माल ठासला. मला काहीतरी चिकट लागलं. मी म्हटलं, गुळामुळे असेल, होईल घट्ट.

दोन दिवसांनी फळ्या काढल्या. बाकीचे खांब दगडासारखे. माझ्यावरची पहिली फळी निघाली आणि कोपरा ढासळला. एकोजीनं अंगठा दाबला तर तो आत गेला.

मग एकोजी चंद्रमौळीकडे वळला. "ह्यात सिमेंट किती घातलंस?"

"तुम्ही सांगितलं तेवढं, ऐया."

"मग हे काय आहे? वाळू नि खडी? बाकीची पोती कुठे गेली?"

"कोठीत बघा."

"किल्ली तुझ्याकडे. मी काय बघू?"

"किल्ली माझ्याकडे म्हणून चोर मी," चंद्रमौळी म्हणाला. "मग किल्ली दिलीत कशाला? कोणी तरी चोर जवळ असावा म्हणून?"

"उद्यापासून येऊ नकोस."

चंद्रमौळीनं किल्ली सोडून विटांच्या थरावर ठेवली. ह्या गावात अशी गोष्ट दुपारपर्यंत बाजारात जाते. सिमेंट खाल्लेल्या मिस्त्रीला मग देवळाच्या डागडुजीलाही कोणी बोलावत नाही. त्याच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. मला हे सगळं माहीत होतं, आणि मी लोखंड. ओलसर चिखलात उभी राहून काय करणार?

बाई मागं उभ्या होत्या. एकोजी त्यांना मराठीत म्हणाला, "आत्याबाई, तुम्ही म्हणत होता तेच खरं झालं." बाई ढासळलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

चंद्रमौळी थापी धुवायला पिंपापाशी गेला आणि तिथंच थांबला. "ह्याला मुंग्या कशा?"

पिंपाच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती. तळाशी थोडं पाणी उरलं होतं, त्यात कितीतरी बुडून मेल्या होत्या. एकोजीनं बोट बुडवून जिभेला लावलं. त्याचा चेहरा बदलला. "गूळ. गूळ पडला की सिमेंट घट्टच होत नाही. कोणी केलं हे? कोणाचं वैर आहे?"

तो मजुरांकडे एकेक करून बघू लागला. पाणी भरणारी अलमेलु दोन पावलं मागं सरली. आता तिची पाळी, हे मला दिसलं.

तेव्हा अंबाबाई पुढे आल्या. कामावर नेहमी मराठी बोलणाऱ्या बाई त्या दिवशी तमिळमध्ये बोलल्या, सगळ्यांना कळेल अशा आवाजात. "मी घातला. पक्कं व्हावं म्हणून. त्याच्या हिशेबावर माझा विश्वास नव्हता. चंद्रमौळीचा ह्यात काही दोष नाही."

एकोजीनं किल्ली उचलली आणि चंद्रमौळीपुढे धरली. त्यानं घेतली नाही.

"आधी खांब फोडू," चंद्रमौळी म्हणाला.

त्यांनी माझ्या अंगावरचा सगळा चिखल खरवडून काढला, पाण्यानं घासून मला धुतलं. पुन्हा फळ्या ठोकल्या. नवं पाणी भरलं. माल कालवायच्या आधी चंद्रमौळीनं ओंजळभर पाणी घेतलं आणि बाईंसमोर गेला.

"चाखा, अम्मा."

"मिस्त्री," एकोजी म्हणाला.

"अम्मांनी चाखल्याशिवाय मी घमेलं उचलणार नाही."

इतक्या माणसांसमोर, त्याच्या हातचं पाणी. बाईंनी पदर सावरला, तळवा पुढे केला, पाणी घेतलं आणि प्यायल्या.

"अळणी आहे," त्या म्हणाल्या.

मग चंद्रमौळीनं एकोजीच्या हातातून किल्ली घेतली आणि कमरेला लावली. खालून पहिलं घमेलं वर आलं. उजेड हळूहळू माझ्या गुडघ्यापर्यंत, मग खांद्यापर्यंत संपत गेला.

महामहमाला धर्मशाळा तुडुंब भरली. त्याला आता तीन वर्षं होत आली. वर पावलं वाजतात, मुलं जिन्यावरून धावतात, पाचव्या मजल्यावरून लोक गोपूर बघतात. चंद्रमौळीची थोरली मुलगी लग्नाआधी इथं येऊन गेली म्हणे. खांबापाशी उभं राहून कोणी तरी बोलत होतं, ते ऐकलं.

माझा स्वभाव मात्र गेलेला नाही. रात्रंदिवस मी एकाच गोष्टीला घाबरून असते, पाण्याला. माझ्यापर्यंत ओल पोचली की मी गंजेन, फुगेन आणि आतून खांब फोडीन, मला नको असलं तरी. म्हणून एवढंच मागते. गिलाव्यावर तपकिरी डाग दिसला तर त्यावर रंग फासून जाऊ नका. हातोडीनं हलकेच वाजवून बघा. आवाज पोकळ आला तर फोडून आत बघा, मी कशी आहे ते. त्यानं मला राग येणार नाही.