केळीच्या वाटचं पाणी

लवळ्यात सारजाबाईंच्या घरामागे केळीचं बेट होतं आणि त्या बेटावर सारजाबाईंचा जीव होता. न्हाणीचं पाणी केळीला, ही त्या घराची रीत. लग्न होऊन आल्या त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, "अंगावरनं उतरलं की पाणी केळीच्या वाटचं. थेंब वाया घालवू नगं." तेव्हा अंगाला डाळीचं पीठ असायचं, भांड्यांना राख. ते पाणी पिऊन केळ अशी माजायची, की घरातल्या एकूणएक लेकीचं डोहाळजेवण तिच्याच पानांवर झालं.

आता पाळी नातीची होती. गौतमी म्हणजे त्यांच्या मुलाची, कैलासची लेक, महाळुंग्याला दिलेली. सहावा महिना लागला तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आज्जी, मला बाकी काही नको. तुझ्या केळीच्या पानावर गरम वरणभात आणि तूप." सारजाबाईंनी शब्द देऊन टाकला. वीस बायका येणार होत्या आणि हातात दोन महिने होते.

नेमकी तेव्हाच केळ करपायला लागली.

आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, पापड जास्त भाजल्यासारख्या. मग तो तपकिरी पट्टा आत सरकत दांड्यापर्यंत आला. सारजाबाईंचा पहिला संशय जान्हवीवर. मागच्या खोल्यांत शिकायला आलेल्या पाच मुली भाड्यानं राहायच्या, त्यातली ही नाशिककडची सगळ्यात बडबडी.

"जान्हवे, नूडल्सचं कढत पाणी केळीत वतलंस का?"

"आजी, ते पाणी आम्ही पितो! वाटीसुद्धा चाटून ठेवतो."

मग नजर लागली असेल म्हणून बेटाला काळी बाहुली बांधून झाली. बाहुलीच्या डोक्यावरचं पानही वाळलं. शेवटी सारजाबाईंनी ठरवलं, ऊन वाढलंय, केळ तहानली. तिला पाणी वाढवायला हवं.

पाण्याला तोटा नव्हता. दिवाळीत कैलासनं मुलींसाठी कपडे धुण्याचं मशीन आणून न्हाणीच्या भिंतीला बसवलं होतं आणि त्याची नळी न्हाणीचं पाणी केळीकडे नेणाऱ्या चरातच सोडली होती. आईनं त्याचं कौतुक केलं होतं, "ह्याला म्हंत्यात डोकं!" आता त्या मशीनला उसंत राहिली नाही. गोधड्या झाल्या, पडदे झाले, कैलासची पिशवीसुद्धा झाली.

"जान्हवे, वढणी आण तुझी."

"आजी, कालच धुतली."

"मंग आज पुना धू. केळ तहानलीया हितं!"

पावडर घालताना सारजाबाईंचा हात सढळ. चरात फेस दाटला की त्यांना बरं वाटायचं. लवळ्यात त्या उन्हाळ्यात या पाच मुलींइतके स्वच्छ कपडे कुणाचेच नव्हते. केळ मात्र दिवसागणिक वाळत चालली.

एका सकाळी बानूबाई आल्या. डोंगराच्या उतारावर त्यांच्या शेळ्यामेंढ्या असायच्या, आणि ताकाच्या निमित्तानं दोघींच्या गप्पा चाळीस वर्षं चालत आलेल्या. बानूबाईंची शेळी केळ दिसली की झडप घालायची, म्हणून सारजाबाई काठी घेऊनच उठल्या. पण शेळीनं चर हुंगला, फुर्रकन शिंकली आणि चार पावलं मागं सरली.

बानूबाईंचे डोळे बारीक झाले. त्या बेटाच्या बुडाशी उकिडव्या बसल्या. माती पांढरट पडली होती. चिमूटभर घेऊन त्यांनी जिभेला लावली आणि थू करून टाकली.

"सारजाक्का, केळीला साबण पाजतीयास व्हय?"

"न्हाणीचंच पानी हाय त्ये. मशिनीचं."

"न्हाणीचं म्हनं! पार खारट झालीया माती. मुळं पानी वढंनात आन् खार पानाच्या कडंला जाऊन जाळतोय. तू जितकं पाजशील तितकी तहानंल ती. माझ्या शेळीला कळलं, तुला न्हाई कळलं?"

सारजाबाई धुण्याच्या दगडावर मटकन बसल्या. सासूबाईंची रीत त्यांनी जिवापाड पाळली होती आणि पाळता पाळता सासूबाईंच्याच केळीला मारायला निघाल्या होत्या. डोळे भरून आले. तेवढ्यात जान्हवी हळूच म्हणाली, "म्हणजे आता माझी ओढणी सुटली?" आणि सारजाबाईंना असं हसू फुटलं की पदरानं डोळे कशासाठी पुसले ते त्यांचं त्यांनाच कळेना.

त्याच दिवशी कैलासनं मशीनची नळी लांबच्या शोषखड्ड्यात वळवली. विहिरीचं गोडं पाणी बुडाशी भरपूर सोडलं, माती धुऊन खार खाली जाईल इतकं. चार दिवस माती सुकून वाफसा येऊ दिला आणि पुन्हा सोडलं. पुरती वाळलेली पानं बानूबाईंनी विळ्यानं उतरवली, पण नुसत्या कडा करपलेल्यांना हात लावू दिला नाही. "अर्धं हिरवं हाय तवर राबतंय त्ये." बुडाशी गर्दी केलेली केळीची पिल्लं काढून मोजकीच ठेवली. जुनं कुजलेलं लेंडीखत टाकून वर पाचोळा पसरला.

"आन् एक ध्यानात धर," त्या म्हणाल्या. "खालचं म्हातारं पान वाळनारच. त्याचं सुतक धरू नगं. वरचा पोंगा हिरवा निघतोय का बघ."

मग सारजाबाईंचा दिवस पोंग्यापाशी उजाडायला लागला. नवव्या सकाळी पोंग्याची सुरळी उलगडली. कडेपर्यंत हिरवीगार, पोपटाच्या पंखासारखी! सारजाबाईंच्या हाकेनं पाचही मुली दात घासायचे ब्रश तोंडात धरून धावत आल्या. जान्हवीनं फोटो काढून गौतमीला धाडला. तिकडून उत्तर आलं, "तूप कढवायला घ्या!"

पण केळ काही तारखा बघून पानं काढत नाही, आणि चैत्रातल्या वावटळीनं निम्मी पानं फाडून झिरमिळ्या केल्या. डोहाळजेवणाच्या दिवशी कापून कापून अकराच ताटं भरतील इतकी धड पानं निघाली. कैलास म्हणाला, "आई, स्टीलची ताटं काढू का?" सारजाबाईंनी पानं पुन्हा मोजली. शब्द दिला होता, तो निम्माच उरला होता.

हिरव्या साडीतली गौतमी उठून पडवीत आली. "ताटं कशाला? एका पानावर दोघी बसू द्या. दहा पानांवर वीसजणी झाल्या की नाही?"

तिच्या सासूबाई, आशालताबाई, नेमक्या बानूबाईंच्या जोडीला आल्या. त्या जरा अवघडल्या, मग दोघींच्या मध्ये वरणाचा ओघळ वाहायला लागला तशा ओरडल्या, "अहो बानूबाई, तुमचं वरण आमच्या हद्दीत आलंय!"

"मंग भाताचा बांध घाला की, विहीणबाई!"

सगळी पंगत हसत सुटली. अकरावं पान, शेंड्याचं, गौतमीचं. वाढणाऱ्या आजीचा हात धरून तिनं तिला शेजारी बसवलं आणि पानाच्या मधोमध बोटानं रेघ ओढली. "ही बाजू तुझी, ही माझी." सारजाबाईंनी पहिला घास घेऊन पानाकडे पाहिलं, तर गौतमी स्वतःचा भात संपवून रेघ ओलांडून त्यांच्या तुपापर्यंत पोचली होती.

"खा गं माझी बाय," त्या म्हणाल्या आणि आपला भात तिच्याकडे सारला.