जाईबाईंचा चिंध्यांचा गालिचा

परदेशात, मुलाकडे वेरिबीत येऊन जाईबाईंना दोन वर्षं झाली होती. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून राबलेल्या बाईला रिकामं बसणं ठाऊक नव्हतं. मुलगा विवेक रेल्वेच्या साइटवर इंजिनिअर, सून ऐश्वर्या हॉस्पिटलात नर्स. दोघं शिफ्टला गेली की घर खायला उठायचं. म्हणून एका मंगळवारी त्या एकट्याच चालत कम्युनिटी सेंटरला गेल्या आणि विणकामाच्या वर्गात जाऊन बसल्या.

वर्ग इट्टो घ्यायची. मोरोक्कोच्या डोंगरातली, साठीला टेकलेली, कमी बोलणारी. पहिल्याच दिवशी कुणीतरी 'बर्बर गालिचे' म्हणालं, तेव्हा तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं, की बर्बर हे नाव आम्हाला दुसऱ्यांनी ठेवलेलं आहे. आम्ही स्वतःला अमाझिग म्हणतो, म्हणजे स्वतंत्र माणसं. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. जाईबाई मात्र तिच्याकडे बघतच राहिल्या. दुसऱ्यांनी ठेवलेलं टाकून आपलं काहीतरी घेणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या वडिलांनी छपन्न साली नागपूरला जाऊन तेच केलं होतं.

इट्टोची आई मंजिष्ठेच्या मुळ्यांतून लाल काढायची, डाळिंबाच्या सालीतून पिवळा आणि निळीतून निळा. लोकर परवडेनाशी झाली, तेव्हा गावच्या बायकांनी घरातले जुने कपडे फाडून त्यांच्या पट्ट्या मागावर घेतल्या. कागदावर आधी काही काढायचं नाही. मनात येईल तसं विणायचं, मन फिरलं तर नक्षीही फिरते. जाईबाईंना हे पटलं. त्यांनी घरातल्या चिंध्या गोळा केल्या: विवेकचं साइटवरचं भडक नारिंगी जॅकेट, ऐश्वर्याचे हॉस्पिटलातले विटलेले हिरवे स्क्रब्ज, स्वतःचं एक डाळिंबी लुगडं. इट्टोच्या गालिच्यात एकात एक अडकवलेले चौकोन असायचे, टोकावर उभे. जाईबाई त्यांना शंकरपाळे म्हणायच्या. हळूहळू इट्टोही तसंच म्हणायला लागली.

अर्धा गालिचा झाला होता तेव्हा अकोल्याहून फोन आला. धाकटी बहीण मधू गेली. जाईबाईंच्या कायमच्या व्हिसाचा अर्ज अडकून पडला होता. निकाल लागेपर्यंत मिळालेल्या या मधल्या व्हिसावर देश सोडला असता, तर परतीचा दरवाजा बंद झाला असता. विवेकनं दोन दिवस फोनाफोनी केली, पण मार्ग निघाला नाही. मधूचा अंत्यविधी जाईबाईंनी मोबाइलवर पाहिला.

पुढच्या मंगळवारी त्यांनी पेटीतून निळी साडी काढली. चौदा एप्रिलला नेसायला मधूनं घेऊन दिलेली. ती साडी त्यांनी मागापाशी बसून, स्वतःच्या हातानं फाडली. इट्टो शेजारी येऊन बसली आणि पट्ट्यांचे गोळे करू लागली. त्या दिवसापासून शंकरपाळे थांबले. गालिच्याचा शेवटचा हात-दीड हात नुसता निळा झाला, आडव्या, जराशा तिरक्या गेलेल्या ओळींचा.

ऑक्टोबरात सेंटरनं प्रदर्शन ठरवलं. त्याची व्यवस्था बघणारी लिनेट नावाची बाई गोड बोलायची. लोकांना पांढऱ्या लोकरीवर काळ्या रेघांचे गालिचे माहीत आहेत, तेच 'बर्बर' म्हणून ओळखले जातात, तसं काही देता आलं तर बरं, असं तिनं इट्टोला सुचवलं. जाईबाईंच्या गालिच्याबद्दल तिचं म्हणणं होतं, की वरचा भाग सुंदर आहे, खालचा निळा तेवढा काढता येईल का? नक्षी बिघडल्यासारखी दिसते. जाईबाई 'नो' म्हणाल्या. लिनेट हसली आणि 'नो वरीज' म्हणाली. विषय संपला असं जाईबाईंना वाटलं.

प्रदर्शनाच्या सकाळी त्या ऐश्वर्याला घेऊन गेल्या. गालिचा भिंतीवर होता, पण निळा भाग मागे दुमडून स्टेपलच्या पिनांनी ठोकून टाकला होता. खाली पाटी होती: 'बर्बर शैलीतला गालिचा, भारत'. पलीकडे इट्टोच्या गालिच्याखालीही 'बर्बर'च. इट्टो त्याच्यापाशी उभी होती.

जाईबाईंनी एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढल्या.

"आई, उतरा ना," ऐश्वर्या हळूच म्हणाली. "सगळे बघतायत. मी बोलते तिच्याशी."

"बघू दे," जाईबाई म्हणाल्या आणि नखांनी पिना उपसू लागल्या. लिनेट धावत आली. भिंतीवर जागाच तेवढी आहे, पूर्ण गालिचा मावत नाही, आणि जमिनीवर ठेवता येणार नाही, कारण कुणी अडखळून पडेल, असं तिनं भराभर सांगितलं.

जाईबाई खुर्चीवरूनच सुनेकडे वळल्या. "तिला सांग, त्या घडीत माझी बहीण आहे. मला तिच्या मातीला जाता आलं नाही, म्हणून मी तिला इथं विणलं. भिंत लहान असेल तर तो भिंतीचा दोष. आणि या बाईंना अमाझिग म्हणतात. पाटीवर तेच लिहायला सांग."

ऐश्वर्या लिनेटकडे वळली. मग तिनं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही, कुठे मऊ केलं नाही. 

लिनेट म्हणाली, तिला खरंच वाईट वाटतंय, पण पाट्या छापून झाल्या आहेत आणि नियम तिनं केलेले नाहीत.

"मग राहू दे," जाईबाई म्हणाल्या. गालिचा भिंतीवरून काढून त्या खाली उतरल्या आणि तो खांद्यावर टाकून दाराकडे निघाल्या. मागून कसलातरी आवाज आला म्हणून त्यांनी वळून पाहिलं. इट्टो आपलाही गालिचा भिंतीवरून उतरवत होती. या वर्गाखेरीज तिला दुसरं काम नव्हतं, हे जाईबाईंना माहीत होतं. त्यांनी तिला हातानं थांबवायचा प्रयत्न केला, पण इट्टोनं मान हलवली.

दोघींनी बाहेर हिरवळीवर गालिचे शेजारी शेजारी पसरले आणि वर बसल्या. शनिवार होता, शेजारच्या लायब्ररीत येणारी-जाणारी माणसं होती. काही नुसतीच बघून गेली. हिजाब घातलेली एक मुलगी खाली वाकून निळ्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिली, आणि हा रंग कशाचा आहे, असं तिनं विचारलं. जाईबाईंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं: सिस्टरच्या साडीचा.

पुढच्या टर्मच्या यादीत इट्टोचा वर्ग नव्हता. पत्रात कारण जागेच्या अडचणीचं दिलं होतं. जाईबाईंनी ते ऐश्वर्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि रविवारी विवेकला गाडी गॅरेजमधून बाहेर काढायला लावली. इट्टोचा माग लाकडी होता, जड होता. तो गॅरेजमध्ये न्यायला चौघं लागली. पहिल्या मंगळवारी तिघीच आल्या. चौथ्या मंगळवारी खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा ऐश्वर्यानं शिफ्टला जाता जाता डायनिंगच्या दोन आणून ठेवल्या, आणि गॅरेजच्या दारावर आपल्या हातानं कागद चिकटवला: 'अमाझिग विणकाम. मंगळवार, दहा वाजता. जुने कपडे घेऊन या.'