दुसऱ्या वर्गाचा फळा

अंतिम चाचणीच्या प्रश्नपत्रिका हाती घेऊन मिनेको तोगाशी पाचवीच्या दुसऱ्या वर्गापाशी आली आणि फळ्याकडे दृष्टी जाताच उंबरठ्यावरच थबकली.

बरीच वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकवल्यावर तिने अध्ययनरजा घेतली होती. नियम आधी न सांगता मुलांच्या चुकाच फळ्यावर मांडाव्या आणि त्यांवर त्यांनाच बोलू द्यावे, तर अपूर्णांक अधिक नीट उमगतात काय, हा तिच्या प्रबंधाचा प्रश्न होता. त्यासाठी निइगाताजवळच्या या शाळेतले दोन वर्ग तिने निवडले. पहिल्यात वाकुई हा तरुण शिक्षक नव्या रीतीने शिकवणार, तो प्रायोगिक गट. दुसऱ्यात ओनोदेराबाई आपल्या जुन्याच रीतीने शिकवणार, तो नियंत्रित गट. शेवटी दोहोंचे गुण ताडून पाहायचे. प्रबंध मार्चमध्ये सादर झाला तर विद्यापीठातली अध्यापकाची जागा तिची होती. न झाला तर ती दुसऱ्या कोणाकडे जाणार होती.

तास संपेपर्यंत फळ्यावरचे काही पुसायचे नाही, हा तिथला नेम. म्हणून सारे जसेच्या तसे समोर होते. मुलांच्या नावांच्या चुंबकपट्ट्या, त्यांखाली त्यांची उत्तरे, अर्धा आणि एक तृतीयांश मिळून दोन पंचमांश हे कोणाचेसे धीट विधान, त्यावर दुसऱ्याची शंका, आणि अगदी उजव्या टोकाला मुलांच्याच शब्दांत सापडलेला नियम. ही तिचीच रीत होती.

फळा पुसला गेल्यावर तिने चाचणी घेतली. मुले घरी गेल्यावर शिक्षककक्षात तिने ओनोदेराबाईंना हलकेच विचारले. बाईंनी काही लपवले नाही. एका इयत्तेच्या शिक्षकांची मेजे समोरासमोर असतात. रोज चहा घेताना वाकुई आपल्या वर्गातल्या गमती सांगे. आरंभी बाईंनी कान बंद ठेवायचा प्रयत्न केला. बर्फ पडू लागले तेव्हापासून मात्र त्यांना राहवेना.

“शेजारच्या वर्गाला पंगत आणि माझ्या पोरांनी नुसता वास घ्यायचा?” त्या म्हणाल्या. “तुम्हाला शब्द दिला होता, कबूल. पण मला नाही जमलं.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुमचं नुकसान होत असेल तर मी काही बोललेच नाही असं समजा. फळा तर केव्हाच पुसलाय.”

गुण मांडले तेव्हा पहिला वर्ग थोडा पुढेच निघाला. नव्या रीतीचा आरंभ तिथे आधी झाला होता. दुसरा वर्ग जुन्या रीतीने शिकला, एवढे एक वाक्य लिहिले की प्रबंध निर्वेध पार पडत होता. मिनेकोने ते वाक्य लिहिलेही. वाचताना तिला आपले स्वतःचे शिक्षककक्षातले मेज आठवले. शेजारच्या वर्गात काही चांगले घडल्याचे ऐकून तिने आपला दुसऱ्या दिवसाचा पाठ कितीदा बदलला होता. आराखडा आखताना मात्र दोन वर्गांमध्ये भिंत आहे असे तिने खुशाल गृहीत धरले होते. तिने ते वाक्य खोडले.

दुसऱ्या दिवशी ती आपले मार्गदर्शक इसोगाई यांच्यासमोर बसली. त्यांचे अवघे आयुष्य प्रयोगांचे आराखडे पारखण्यात गेले होते. सगळे ऐकून त्यांनी चष्मा उतरवला.

“मग तुमची तुलना गेली. मार्चमध्ये हे मी पुढे पाठवू शकत नाही.”

“हो, सर.”

“सांगितलं नसतंत तर मी सही केली असती. मला कळलंही नसतं.”

“म्हणूनच आले, सर.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले की एका वर्गातली रीत दुसऱ्यात कशी गेली, हे गुणांच्या तुलनेतून दिसायचे नाही. तिथे बसावे लागेल, ऐकावे लागेल, माणसे आपल्या कृतीला कोणता अर्थ देतात ते शोधावे लागेल. त्या वाटेने त्यांचे एक सहकारी जातात, त्यांच्याकडे शब्द टाकता येईल.

“मी मात्र त्या प्रकाराला आजवर गप्पाच म्हणत आलो,” ते किंचित हसून म्हणाले.

“गप्पाच आहेत, सर. पण त्यांवर एक अख्खा वर्ग शिकला.”

विद्यापीठातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मिनेको आपल्या शाळेत पुन्हा रुजू झाली, आणि आठवड्यातून एकदा आपला वर्ग सुटल्यावर ओनोदेराबाईंच्या शिक्षककक्षात बसण्याची अनुमती तिने तिथल्या मुख्याध्यापकांकडून मिळवली. पहिल्या दिवशी वाकुई तिला पाहून इतका संकोचला की चहा ओतायचाच विसरला. ती कोपऱ्यातली खुर्ची ओढू लागली. पाठाचे निरीक्षण करणाऱ्याने कडेला उभे राहावे, मध्ये बोलू नये, हेच तिच्या अंगवळणी पडले होते.

ओनोदेराबाईंनी मेजावरचा वह्यांचा ढीग सरकवून जागा केली.

“तिकडे कुठे? इथे बसा. आणि नुसतं ऐकून न्यायचं नाही हं. आज तुमच्या वर्गात काय झालं, ते आधी सांगा.”

मिनेकोने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि ती सांगू लागली.