काफुईच्या तोंडचा देवदूत

केटाच्या खाजणाकाठी त्या सकाळी लागलेली रांग मासळीसाठी नव्हती. लोक एका बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडाचा वास घ्यायला आले होते. रांगेचं शेपूट पार टोगोच्या हद्दीत शिरलं आणि तिथल्या शिपायांनी ते हाकलून परत पाठवलं, असं सांगणारे आजही भेटतात.

प्रेषित आगबेकोच्या मंडळीत उपासाचा दंडक कडक. उपास सुटायच्या दिवशी तो प्रत्येकाचं तोंड हुंगायचा. पिकल्या अननसासारखा गोड वास आला की उपास खरा. नाही आला, की यानं चोरून तळलेली मासळी हाणली. आणि चोर कबूलही व्हायचे! मग विश्वास का बसणार नाही?

बारा वर्षांची काफुई मात्र लहान म्हणून उपासातून सुटलेली. सगळ्यांदेखत आकप्लेचे, मक्याच्या उकडीचे, गोळे रिचवत होती, तरी सगळ्यांत गोड वास तिच्याच तोंडाला.

"हिच्यात देवदूत राहतो," आगबेको गरजत होता. "दूताला तहान फार, म्हणून ही घागरी रिकाम्या करते. त्याला पंख फुटतायत, म्हणून ही हलकी होतेय."

"आणि सारखी लघवीला पळते ते?" रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं.

"दूत पाप धुतोय, आजी."

"मग बराच पापी दिसतोय तुझा दूत."

लोक हसले. काफुईची आई देलाली हसली नाही. पोर वाळत चाललेली तिला दिसत होती. पण आगबेको तिचा सख्खा थोरला भाऊ. दादा सांगतो म्हणून तिनं पोरीला पांढरा झगा घालून खुर्चीत बसवलं होतं. पोरीची मान आता सारखी कलत होती.

रांगेतून डॉक्टर मावुसी पुढे आल्या. वास घेतला, पोरीचं बोट टोचलं, थेंब साखर मोजायच्या यंत्रावर धरला. मग रांगेतल्या एका नटव्या मुलीकडून नखांचा रंग पुसायची बाटली मागून घेतली आणि म्हातारीच्या नाकाखाली धरली.

"अगं बाई, दूत बाटलीत," म्हातारी म्हणाली.

"अंगातली चरबी म्हणजे बेगमीची कोठी, आजी. उपासात साखर संपली की शरीर कोठी उघडतं आणि चरबी जाळतं. तिच्यातून हेच द्रव्य तयार होतं आणि श्वासातून बाहेर पडतं. चोरून खाल्लं की कोठी बंद, वासही बंद."

"पण ही तर जेवते," देलाली म्हणाली.

"जेवणातली साखर शरीरात घेणारं आणि कोठीला कडी घालणारं इन्सुलिन हिच्यात उरलेलंच नाही. साखर रक्तात तुंबलीय, लघवीतून वाहून चाललीय. शरीराला वाटतं उपास चाललाय, म्हणून चरबी धो धो सुटतेय आणि रक्त आंबतंय. आज सुई मिळाली नाही तर पोर हातची जाईल. घरात आणखी कुणाला होतं हे?"

देलाली 'नाही' म्हणणार होती. मग तिला धाकटा भाऊ कोडझो आठवला. तो शहरातल्या इस्पितळात वारला, तेव्हा उशाशी एकटा आगबेकोच होता.

"दादा, कोडझोच्या तोंडाला असा वास यायचा?"

आगबेको झग्याची बाही सारखी करू लागला. "यायचा."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"हेच."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"लोक येत होते गं. एवढे लोक कधी आले नव्हते."

देलालीनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि त्याच रांगेतून वाट काढत डॉक्टरांच्या गाडीकडे निघाली. तेवढ्यातही रांगेतल्या दोघांनी नाकं पुढे केली.

काफुई वाचली. रोज सुई घेते, शाळेत जाते, मामाशी बोलत नाही.

तेव्हा बाबांनो, पोर खाऊनपिऊन वाळू लागली, तहान भागेना आणि तोंडाला फळासारखा वास आला, तर हात जोडू नका, दवाखाना गाठा. आणि चमत्कार सांगणारा सख्खा भाऊ असला, तरी त्याला तोंडावर विचारा, 'तुला हे कशावरून कळलं?' देलालीनं दादाला विचारायला फार उशीर केला.