माझ्याखाली ओढा नाही

मी पूल बोलतोय. लाकडी, छपराचा आणि बऱ्यापैकी मूर्ख. मला उचलून या बागेत आणायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं, ओढाही सोबत येणार! आता माझ्याखाली गवत आहे. लोक माझ्यातून पलीकडे जातात, फोटो काढतात आणि तसेच परत येतात. पलीकडे काही नाहीच ना!

इंडियानातल्या त्या ओढ्यावर होतो, तेव्हा मला कामधंदा होता. घोडागाड्या, गुरं, मक्याची पोती. हिवाळ्यात तर गंमतच. रस्त्यावर गुडघाभर बर्फ, माझ्या पोटात मात्र कोरड्या फळ्या. बर्फावरून घसरत येणाऱ्या घोड्यांच्या घसरगाड्या तिथे अडायच्या. मग अमॉस बीझली फावड्यानं बर्फ आत आणून पसरायचा. छपराखाली बर्फ टाकायचा, हीच त्याची नोकरी! "बायको विचारते, दिवसभर काय करतोस? सांगायची लाज वाटते," म्हणायचा. पण माझ्या भिंतींना त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. भिंती आहेत म्हणून आतले सांधे कोरडे, सांधे कोरडे म्हणून मी उभा.

पुढे मोठा रस्ता आला. मला हलवायला आले, तेव्हा मी हट्टाला पेटलो. वळणावर अडकून बसलो, साखळ्या तोडल्या. ट्रेलर चालवत होता ड्वेन. त्यानं शिव्या घातल्या, जेवून आला आणि मला घेऊन गेला.

आता हाच ड्वेन बाग सांभाळतो, आणि त्याला माझ्या भिंतींत खिडक्या पाडायच्यात. का, तर लग्नाच्या फोटोत नवरीचा चेहरा अंधारात जातो! नुसता संताप होतो. अरे, मग नवरीला बाहेर उभं करा की! पाऊस आत शिरेल, सांधे कुजतील, मी कोसळेन, आणि हेच लोक म्हणतील, जुना होता बिचारा. ओढा काढून घेतलात, भिंती तरी राहू द्या!

आज सकाळी ड्वेन विजेची करवत घेऊन आला, तर आत अमॉसची पणती ग्लेन्डा घडीची खुर्ची टाकून बसलेली. शाळेची बस चालवते ती, आवाज खणखणीत.

"आधी स्वतःच्या घराला भोकं पाड, ड्वेन!"

"ऊठ, ग्लेन्डा. शनिवारी लग्न आहे इथे."

"कुणाचं?"

"माझ्या लेकीचं."

ग्लेन्डानं खुर्चीतूनच हात पुढे केला.

"अभिनंदन. केक मी आणते. पण खिडकी नाही. तुझ्या नातीच्या लग्नाला हा उभा नको का राहायला?"

ड्वेननं करवतीची वायर जोडली.

"मी इथून हलणार नाही, सांगून ठेवते!"

"मी न्यायला आलो, तेव्हा पूलही असंच करत होता," ड्वेन म्हणाला.