वाजणारा दिल्हा

मित्रांनो, स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. मी एक जुना दिल्हा आहे. अलमारीच्या दाराला चौकट असते ना, तिच्या मधोमध बसवलेली फळी म्हणजे मी. पावसाळ्यात मी फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. मला कापून, रंधा मारून, चकचकीत करून टाकले, तरी ही खोड गेली नाही. ती सागाच्या जातीचीच आहे.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात एकोडीच्या जागेश्वर सुताराने मला घडवले. त्याची मुलगी शकुन हिचे लग्न ठरले होते आणि तिच्या आंदणात द्यायला तो स्वतःच्या हाताने अलमारी करत होता. दोन फळ्या सरसाने जोडून त्याने मला रुंद केले, माझ्या कडा रंधून पातळ केल्या आणि चौकटीत घालण्याआधीच मला पुरते पॉलिश केले. चौकटीला आतून खाच होती. तिच्यात त्याने मला नुसते सरकवले. खिळा नाही, सरस नाही, आणि दोन्ही अंगांना जागा मोकळी!

"बाबा, हा तं हालते," शकुन म्हणाली.

"हालू दे पोरी. पाण्यापावसात तो फुगंन, तवा कुठं जाईन? त्याले जागा ठेवा लागते."

वैशाखात बैलगाडीत बसून मी तिच्यासोबत तिच्या सासरी कोंढ्याला आलो. उन्हाने मी पुरता आकसलेलो होतो. दार लावले की खडखड, उघडले की खडखड! शकुनचा सासरा सुखराम धानाचा शेतकरी, मोठा थट्टेखोर माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे तो मुद्दाम दार आपटायचा आणि व्याह्याची थट्टा करायचा. "पाहा, आमच्या इवायानं अलमारी देल्ली का खुळखुळा देल्ला?" बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. सासू गिरजाबाई मनाने वाईट नव्हती, पण हसायची तीही. शकुन मात्र मान खाली घालून चुलीपाशी जायची. मला तिचा फार राग यायचा आणि तितकीच कीवही यायची. अगं, सांग ना त्यांना, मी का हलतो ते! पण नव्या सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायची त्या घरी रीत नव्हती.

पावसाळ्यात मी फुगलो आणि गप्प झालो. शकुनला हायसे वाटले. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली आणि मी पुन्हा वाजू लागलो. पुन्हा तीच थट्टा, तेच हसू.

तलावापलीकडच्या धानाच्या बांधीत जायला सुखरामचा एक डोंगा, म्हणजे लहान होडी होती. डोंग्याच्या फटी तो राळ आणि तेल कढवून बुजवत असे. त्या वर्षी थोडी राळ भांड्यात उरली होती. एका दुपारी घरात कोणी नव्हते. शकुनने ती राळ चुलीवर पातळ केली आणि पळीने माझ्या चारी कडांच्या खाचेत ओतली. राळ थंड झाली, दगडासारखी घट्ट झाली. मी जागच्या जागी जखडलो.

दार वाजेनासे झाले. "बसली बाई एकदाची अलमारी," गिरजाबाई म्हणाली. शकुन कितीतरी दिवसांनी हसली. आणि मी? माझा जीव नुसता कोंडला होता. चैत्र लागला, ऊन तापले, मला आकसायचे होते आणि दोन्ही बाजूंनी राळेने मला धरून ठेवले होते. मी ओढत राहिलो. शेवटी एका दुपारी काडकन आवाज झाला आणि मी मधोमध उभा तडकलो.

सुखराम धावत आला. या वेळी त्याने थट्टा केली नाही, आणि तेच वाईट होते. "तुया बापानं कच्चं लाकूड देल्लं," तो शकुनला म्हणाला. गावभर तेच झाले. सुखरामच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची अलमारी जागेश्वरकडूनच करायची असे घरात ठरत आले होते, ते मोडले. शकुन रात्रंदिवस माझ्यासमोरून येरझारा घालायची. तिने काय केले ते तिला ठाऊक होते आणि मला. मला तोंड नव्हते. तिला होते, पण उघडत नव्हते.

निरोप मिळताच जागेश्वर आला. सुखराम, गिरजाबाई, शेजारचे दोघे-चौघे सभोवती उभे राहिले. त्याने चौकटीच्या लाकडी खुंट्या ठोकून काढल्या, मला सोडवले आणि खाचेतली राळ नखाने खरवडून पाहिली. मग त्याने लेकीकडे पाहिले. ती पांढरीफटक पडली होती. बापाला सारे कळले.

"चूक मायीच हाय, इवाईजी," तो हलकेच म्हणाला. "लाकूड कच्चंच रायलं."

मित्रांनो, तेव्हा मला वाटले की मी आणखी एकदा तडकावे! ज्याच्या हाताने कधी कच्चे लाकूड घेतले नाही, तो चारचौघांत असे म्हणत होता.

"नाई!" शकुन सासऱ्यापुढे आली. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला होता. "लाकूड पक्कं होतं, मामाजी. राळ म्या ओतली. तुमी माया बापाच्या हातच्या कामाले हासत होते. मले सयन झालं नाई."

सुखरामने राळेचा तुकडा उचलून हातात फिरवला.

"डोंग्याची राळ अलमारीले?" तो म्हणाला. "अवो, ते का तलावात न्यायची होती?" पण हसू त्याच्या तोंडातच राहिले. तो जागेश्वरकडे वळला. "हासाची चूक माया तोंडाची, इवाईजी. ह्याले पयल्यासारखा बसवून द्या. वाजू द्या त्याले. अन् लहानीची अलमारीबी तुमीच करा."

जागेश्वरने राळ काढली, माझा तडा सरसाने सांधला आणि मला पुन्हा मोकळे बसवले. त्यानंतर उन्हाळ्यात मी वाजलो की सुखराम सुनेला हाक मारायचा, "शकुन, तुया बाप बोलून रायला वो!" आता त्या बोलण्याने ती खुलायची.

आता सत्त्याऐंशी साल आहे. जागेश्वर दोन वर्षांपूर्वी गेला. नव्या अलमाऱ्यांवर गुळगुळीत सनमायका चिकटवतात, त्या वाजत नाहीत. माझी सांधलेली रेघ अजून दिसते. मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने दार खडखडले तर खिळा आणि हातोडी शोधू नका. करणाऱ्याने ती जागा विचार करून सोडलेली असते.

पावसाळा मला पूर्वी बरा वाटे. आता नाही. मी फुगून गप्प होतो आणि शकुन येता-जाता मला बोटाने ढकलून पाहते. मी हलत नाही. मग ती दार लावते आणि बाहेर ऊन पडले का ते पाहायला जाते.